चित्रे गेली, मथळे राहिले

जुन्नरहून घाटघरच्या वाटेने पश्चिमेकडे गेले म्हणजे सह्याद्रीची धार एकाएकी तुटते आणि खाली कोकण पसरलेले दिसू लागते. त्या तुटीशीच नाणेघाटाचे तोंड आहे आणि तोंडाशीच कातळात खोदलेले ते प्रसिद्ध चौकोनी लेणे. त्याच्या डावी-उजवीकडच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लांबलचक ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ झाले, किती गाई दिल्या, किती कार्षापण वाटले, याचा तो हिशेब. त्यात दोन, चार, सहा, सात, नऊ या आकड्यांच्या जुन्या खुणा आढळतात, म्हणून गणिताचे इतिहासकारही या घाटाला मानतात. पण मला स्वतःला अडवून धरते ती मागची भिंत. तिच्यावर राजकुलातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तिचे नाव होते: राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा श्रीसातकर्णी, राजकुमार, महारठी. आज मूर्ती नाहीत. कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नावे मात्र जागच्या जागी आहेत. चित्रे गेली, मथळे राहिले.

माध्यमिक शाळेतल्या मुलांना संगणकावर चित्र सुधारायला आणि संकेतस्थळाचे पान रचायला शिकवणे, या विषयावर लिहायला बसलेला मनुष्य दोन हजार वर्षे मागे का गेला, असे वाचक विचारील. त्याचे कारण सरळ आहे. चित्राची प्रत घेणे, ती साफ करणे, तिच्याशेजारी अक्षर बसवणे आणि ते पान चारचौघांपुढे मांडणे हे काम जुन्नर-आंबेगावच्या मुलुखाला नवे नाही. नवे आहे ते यंत्र. आणि यंत्राबरोबर ते शिकवण्याची जी तऱ्हा आली, तिच्यात जुन्या कामाचे शहाणपण फारसे उतरले नाही, असे माझे मत आहे.

नाणेघाटाचीच गोष्ट पाहा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या आणि जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांच्या नकला केल्या, तेव्हा ब्राह्मी लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. प्रिन्सेपने ती उलगडली १८३७ च्या सुमारास. म्हणजे साइक्स अक्षरे उतरवीत नव्हता, आकृत्या काढीत होता. न कळणाऱ्या लिपीची नुसत्या नजरेने नक्कल करताना दगडातली भेग अक्षराची रेघ होऊन बसते आणि खरी रेघ भेग म्हणून सुटून जाते. पुढे १८७० च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी आणि १८८३ मध्ये ब्यूलरने या लेखाचे वाचन प्रसिद्ध केले. तोवर लिपी कळली होती आणि कोरीव लेखांचे कागदी ठसे घेण्याची पद्धतही रुळत चालली होती. ओला कागद दगडावर बसवून ब्रशाने ठोकायचा, तो अक्षरांच्या खाचांत शिरला की वरून शाईची पुरचुंडी फिरवायची. जमीन काळी होते आणि अक्षर पांढरे राहते. इथे हाताला मत नसते. मत येते ते नंतर, वाचताना. आणि वाचणाऱ्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली: झिजलेल्या जागी अंदाजाने घातलेले अक्षर चौकटी कंसात लिहायचे. दगडाचे कोणते आणि पंडिताचे कोणते, हे वाचकाला दिसलेच पाहिजे. चित्रसंपादनाचा सबंध धर्म या एका कंसात आला आहे असे मी म्हणेन.

कागदाचे म्हणाल तर जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. इथले कागदी लोक तो बनवीत आणि ‘जुन्नरी’ हीच त्याची ओळख असे. ते कारखाने गेले. मोडी दप्तरांतून तो कागद अजून हाताला लागतो.

शाळेत चित्र शिरले ते इंग्रजी अमदानीत. मुंबईला १८५७ मध्ये जे. जे. कला शाळा निघाली, तिथून चित्रकला शिक्षक तयार होऊ लागले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या हायस्कुलांत ड्रॉइंगचा तास आला. या शिक्षणाचा पाया नक्कल हाच होता. त्याबद्दल नाक मुरडण्याची पुढे फॅशन झाली, पण नकलेचेही दोन प्रकार असतात. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स साहेबांनी जे. जे.चे विद्यार्थी अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेतल्या. विद्यार्थ्यांकडून झालेले एवढे मोठे प्रतिलेखनाचे काम आपल्याकडे दुसरे झाले असेल असे वाटत नाही. त्यातल्या बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या आगीत सापडल्या. त्याआधीच्या रॉबर्ट गिलच्या प्रती १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. पण खरी हानी लंडनला झाली नाही, ती अजिंठ्यालाच झाली. रंग उठून दिसावेत म्हणून प्रत काढणाऱ्यांनी मूळ भिंतींवर वार्निश फासले. ते काही काळ चकाकले आणि पुढे काळवंडले. आज संगणकाच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगितले जाते की मूळ फाइलीला हात लावू नका, तिची प्रत काढा आणि प्रतीवर काम करा. मुले हे वाक्य वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. त्यांना अजिंठ्याच्या वार्निशाची हकीकत सांगितली तर विसरणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा त्याच परंपरेतल्या. १९६५ मध्ये स्थापन झालेले कला संचालनालय त्या घेते आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून खेड्यापाड्यांतली मुलेही बसतात. या परीक्षांत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या जोडीला भूमिती आणि अक्षरलेखन असते. ही शेवटची जोडी मला फार मोलाची वाटते. पानावर अक्षर कुठे बसवावे, दोन अक्षरांमधली जागा पट्टीने न मोजता डोळ्याने कशी मोजावी, हे शाळेतल्या मुलाला अन्यत्र कोणी सांगत नाही. संकेतस्थळाची रचना शिकवणारा मास्तर आणि चित्रकलेचा मास्तर एकाच शाळेत दोन खोल्यांत असतात आणि त्यांचे विषय एकच आहेत याचा पत्ता दोघांनाही नसतो. असो.

संगणकावरचे चित्र म्हणजे काय, हे समजायला मराठी मुलाला परदेशी जावे लागत नाही. दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी तो पाहतोच. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श या अभियंत्याने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्रात घातला, तो आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके करून. प्रत्येक ठिपका एक तर काळा किंवा पांढरा. छायाचित्राचे आकडे झाले आणि आकडे बदलले की चित्र बदलू लागले, एवढीच ती क्रांती. १९९० मध्ये नॉल बंधूंचे फोटोशॉप बाजारात आले. १९९६ मध्ये बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी गिम्प नावाची प्रणाली लोकांना फुकट देऊन टाकली. गरीब शाळेच्या दृष्टीने ही दुसरी घटना जास्त महत्त्वाची.

आपल्याकडच्या शाळांत संगणक हप्त्याहप्त्याने आला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने निवडक शाळांना बीबीसी मायक्रो यंत्रे दिली. १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांना खुले झाले, २००१ मध्ये एमएस-सीआयटी निघाली आणि तालुक्याच्या गावी बोर्ड झळकू लागले, २००४ च्या अखेरीस शाळांना संगणककक्ष देण्याची केंद्राची योजना आली. बालभारतीने अकरावीचे माहिती तंत्रज्ञानाचे पुस्तक २०१९ मध्ये आणि बारावीचे २०२० मध्ये काढले. वेबपेजची रचना त्यांत धड्याने शिकवलेली आहे.

पण योजना आणि पुस्तके यांच्या आधीच आमच्या मुलाने चित्रसंपादन शिकून घेतलेले असते, आणि ते शाळेत नव्हे. नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कोणत्याही बाजारात उभे राहा. वाढदिवसाचे, निवडीचे, दशक्रियेचे फ्लेक्स डोक्यावर लटकत असतात. त्या फलकांवरचा चेहरा मूळ माणसापेक्षा चार छटा गोरा असतो. गालावरचा व्रण पुसलेला, कपाळाची रेघ पुसलेली, मागे कधी न पाहिलेला बर्फाचा डोंगर. आता हे हातातल्या फोनवरही होते, एका बोटाने. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतून आलेले, उन्हातान्हात वाढलेले मूल संपादनाचा पहिला धडा म्हणून स्वतःचा रंग पुसायला शिकते, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. त्यात मुलाचा दोष नाही. झिजलेले अक्षर कंसात लिहावे असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अक्षरांची कथा तर निराळीच झाली. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती, पण पुढची कितीतरी वर्षे प्रत्येक कंपनीचा फॉन्ट आपापल्या संकेतांवर चाले. एकात लिहिलेली मराठी दुसऱ्यात उघडली की निव्वळ गिचमिड. विंडोज २००० बरोबर आर. के. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ घरोघर पोचला. सुलेखनात मुरलेल्या मराठी माणसाचा हात त्या अक्षरांमागे आहे हे ती रोज वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तरीही चित्रसंपादनाच्या अनेक प्रणालींत बराच काळ देवनागरी मोडूनच येई. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडे, जोडाक्षर सुटे, ‘पुढाऱ्यांचा’ मधला आपला खास मराठी अर्धा र तर बिचारा दिसतच नसे. मुले साहजिकच मथळा इंग्रजीत टाकीत. पान मराठी आहे हे यंत्राला कळण्यासाठी त्याच्या डोक्यावर एम आणि आर ही दोन रोमन अक्षरे लिहावी लागतात. एवढे केले म्हणजे दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारी यंत्रे मराठी मराठीसारखी वाचू शकतात. दोन अक्षरांचे काम, पण सांगितले तर होणार.

या तालुक्यात चित्रसंपादनाची जगातली एक मोठी शाळा आहे, हे मात्र फार थोडे लोक त्या दृष्टीने पाहतात. ती म्हणजे नारायणगावजवळची खोडदची महाकाय मीटरतरंग दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. पण तीस तबकड्या म्हणजे भरीव आरसा नव्हे. मधल्या जागा रिकाम्या. म्हणून आकाशाचे पहिले चित्र येते ते घाणेरडे. तेजस्वी ताऱ्याभोवती खोट्या वलयांची गर्दी असते. १९७४ मध्ये हॉगबोम या शास्त्रज्ञाने ती काढून टाकण्याची रीत दिली आणि तिचे नावच ‘क्लीन’ ठेवले. दुर्बीण स्वतः कोणता डाग पाडते हे आधी नेमके मोजायचे आणि तेवढाच डाग चित्रातून वजा करायचा. सुंदर दिसते म्हणून काही काढायचे नाही, दिसावेसे वाटते म्हणून काही घालायचे नाही. आणि मूळ नोंदी जपून ठेवायच्या, म्हणजे उद्या दुसरा कोणी पुन्हा साफ करून पाहील. या दुर्बिणीने केलेले १५० मेगाहर्ट्झचे आकाशसर्वेक्षण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग आणि ६ लाखांहून अधिक स्रोत त्यात आहेत आणि ती चित्रे संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरत आले आहे, आसपासच्या शाळांची मुले तिथे आपली उपकरणे मांडतात. तबकड्यांपुढे उभे राहून फोटो सगळेच काढतात. घाणेरडे चित्र आणि साफ केलेले चित्र शेजारी-शेजारी ठेवून त्यांना कोणी दाखवले, तर फोटो काढण्यापलीकडे काही तरी घरी जाईल.

आता पुन्हा मथळ्यांकडे येतो. वेबपेजमध्ये चित्र घालण्याची सोय १९९३ मध्ये झाली आणि १९९७ च्या नियमावलीने प्रत्येक चित्रामागे त्याचे शब्दांतले वर्णन लिहिणे आवश्यक ठरवले. त्याला ‘आल्ट’ म्हणतात. चित्र पोचले नाही, किंवा वाचणाऱ्याला दृष्टी नसली, तर शब्द तरी पोचावेत हा हेतू. वर्गात ही जागा बहुधा रिकामी राहते, कारण मास्तरांच्या यंत्रावर चित्र दिसत असते. नाणेघाटाच्या पाथरवटालाही मूर्ती दिसतच होत्या. तरी त्याने नावे कोरली.

आंबेगाव तालुक्यातल्या मुलाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कचेरी घोडेगावला आणि नाव तेवढे नकाशावर. त्याच तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळून माळीण गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. पुढे नवे माळीण वसले, पण जुन्या गावाची ओळख आता कोणाच्या फोनमध्ये, कोणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये जी काही चित्रे असतील त्यांवर आहे. ती चित्रे डागाळलेली असतील, कडा फाटल्या असतील. ती साफ करायची कशी, कुठवर करायची आणि कोणत्या चेहऱ्याखाली कोणते नाव लिहायचे, हा नववीच्या वर्गाचा विषय होऊ शकतो. नावे सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत.

उन्हाळ्यात डिंभ्याचे पाणी ओसरते तेव्हा जुन्या देवळांचे अवशेष डोके वर काढतात आणि पोरे चिखल तुडवीत जाऊन त्यांचे फोटो काढतात. फोन त्या फोटोला नुसता एक क्रमांक देतो. देऊळ कोणते, वाडी कोणती, त्या दिवशी पाणी कोठवर होते, हे मागाहून मुलालाच लिहावे लागते, आणि ते पाऊस पडण्याच्या आत लिहिलेले बरे.