मुंबईतील पथछायाचित्रण

रस्ते, बाजार, बंदरे, वस्त्या अशा सार्वजनिक ठिकाणचे दैनंदिन जीवन कोणतीही कृत्रिम मांडणी न करता टिपणाऱ्या छायाचित्रणाच्या शाखेस पथछायाचित्रण किंवा स्ट्रीट फोटोग्राफी असे म्हणतात. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ सालच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीच्या शीर्षकामुळे 'निर्णायक क्षण' ही संकल्पना या शाखेत रूढ झाली. मुंबईत मात्र क्षण पकडण्याच्या कौशल्याइतकेच महत्त्व समोरच्या माणसाचा विश्वास संपादन करण्याला आहे.

तांत्रिक अडचणी

क्रॉफर्ड मार्केट, चोर बाजार, ससून डॉक आणि दादरचा फुलबाजार येथे दाट गर्दी असते. त्यामुळे चित्रचौकटीत नको असलेले घटक सहज शिरतात. भर दुपारी उन्हाचा व सावलीचा विरोध तीव्र असतो, तर अरुंद गल्ल्यांत प्रकाश अपुरा पडतो. जून ते सप्टेंबर या काळातील पावसापासून व दमट हवेपासून कॅमेरा आणि भिंगे जपावी लागतात. परंतु ढगाळ हवेतील सौम्य प्रकाश व ओल्या रस्त्यांवरील प्रतिबिंबे याच ऋतूत मिळतात. हालचाल वेगवान असल्याने अनेक छायाचित्रकार लहान कॅमेरा वापरतात आणि केंद्रीकरणाचे अंतर आधीच निश्चित करून ठेवतात.

संमतीचा प्रश्न

अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांना फॉकलंड रोड, म्हणजेच आजच्या पठ्ठे बापूराव मार्गावर, वेश्याव्यवसायातील स्त्रियांची छायाचित्रे घेताना सुरुवातीला तीव्र विरोध झाला. त्यांच्या अंगावर पाणी व कचराही फेकण्यात आला. १९७८ साली तेथे पुन्हा जाऊन त्यांनी दीर्घकाळ काम केले व हळूहळू तेथील स्त्रियांचा विश्वास मिळवला. ही छायाचित्रे १९८१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन सुधारक ओलवे यांनी छायाचित्रित केले. या कामगारांत दलितांची संख्या मोठी आहे. हे काम काटेकोर अर्थाने माहितीपर छायाचित्रणात मोडते. तथापि रस्त्यावरच्या श्रमिकाला केवळ दृश्य न मानता व्यक्ती मानण्याचा आग्रह त्यात दिसतो. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री पुरस्कार प्रदान करण्यात आला.

कायदेशीर बाजू

भारतात सार्वजनिक ठिकाणी छायाचित्र घेण्यास सरसकट बंदी नाही. मात्र शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ नुसार प्रतिबंधित ठिकाणांच्या चित्रणावर निर्बंध आहेत. स्त्रीच्या खाजगी कृतीचे तिच्या नकळत चित्रण करणे हा दंडनीय गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. कायद्याने मनाई नसली, तरी झोपलेली, आजारी किंवा असहाय व्यक्ती नकार देऊ शकत नाही. म्हणून अशा चित्रणाबाबत नैतिक प्रश्न कायम राहतो.

महत्त्व

रघुबीर सिंग यांनी मुंबईवरील १९९४ सालच्या पुस्तकात शहराचे रस्ते रंगीत छायाचित्रांतून मांडले. केतकी शेठ यांचा 'बॉम्बे मिक्स' हा पथछायाचित्रांचा संग्रह २००७ साली प्रकाशित झाला. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावाचे रूप पालटत गेले. अनेक गिरण्यांच्या जागी मॉल व उंच इमारती उभ्या राहिल्या. असे बदल होत असताना जुने रस्ते, दुकानांच्या पाट्या, पेहराव व व्यवसाय यांची नोंद छायाचित्रांत टिकून राहते. काढताना सामान्य वाटलेले चित्र कालांतराने सामाजिक इतिहासाचे साधन ठरते, हे या शाखेचे मोठे फलित होय.