‘परकीय’ हुकूमनामा : गोव्यातील अपील आणि बजावणी

लहान प्रदेशाच्या न्यायव्यवस्थेचा इतिहास लिहिताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. निकालावर अपील कोठे जाते, हा पहिला. आणि तो निकाल सीमेपलीकडे कोण मानतो, हा दुसरा. राज्यसत्ता बदलली की अपिलाची वाट कायदा करून वळविता येते. बजावणीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा असतो, कारण तेथे एका न्यायालयाचा शब्द दुसऱ्या न्यायालयाने आपला मानावा लागतो.

गोव्यात १५४४ मध्ये ‘रेलासांव’ हे पोर्तुगीज उच्च न्यायालय स्थापन झाले. मोझांबिक, मकाव यांसारख्या दूरच्या वसाहतींतील दावेही कालांतराने त्याच्याकडे येऊ लागले. त्याच्याही वर लिस्बन होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवट संपली. १९६३ च्या विनियमाने रेलासांवच्या जागी न्यायिक आयुक्ताचे न्यायालय आले. १९६४ च्या कायद्याने त्यास घटनेतील काही अनुच्छेदांपुरते उच्च न्यायालय मानण्यात आले व सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याची वाट खुली झाली. १९८२ पासून हा प्रदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत आहे.

बजावणीची कथा मात्र इतकी सरळ नाही. तिचे मर्म समजण्यास मराठेशाहीतील न्यायपद्धतीची आठवण उपयोगी पडते. गोतसभेपुढे वाद चालण्यापूर्वी वादी-प्रतिवादींकडून निवाडा मान्य करण्याचा राजीनामा लिहून घेत, आणि हरणाऱ्याकडून येजितखत. निवाड्याचे बळ पंचांच्या अधिकाराइतकेच पक्षकारांच्या या संमतीतही होते. आधुनिक आंतरराष्ट्रीय खाजगी कायदाही परक्या न्यायालयाच्या हुकूमनाम्याविषयी जवळपास हाच प्रश्न विचारतो: प्रतिवादीने त्या न्यायालयाचा अधिकार स्वीकारला होता काय?

ग्वाल्हेरच्या शितोळे सरदारांच्या दाव्यात हा प्रश्न निर्णायक ठरला. ग्वाल्हेरच्या न्यायालयाने १९४८ मध्ये एकतर्फी हुकूमनामा दिला. प्रतिवादी संस्थानाबाहेरचे होते व ते हजर झाले नव्हते. पुढे संस्थान भारतात विलीन झाले, तरी अलाहाबादेत त्या हुकूमनाम्याची बजावणी होऊ शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दिला. जन्मतः परकीय असलेला हुकूमनामा राज्य एक झाल्याने स्वकीय झाला नाही.

गोव्याच्या बाबतीत उत्तर वेगळे आले. मुंबईच्या न्यायालयाने १९६० मध्ये, म्हणजे गोवा पोर्तुगीज अमलाखाली असताना दिलेल्या हुकूमनाम्याची दरखास्त पुढे पणजीत आली. भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता गोव्यात १५ जून १९६६ पासून लागू झाली होती. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बजावणी ग्राह्य ठरविली. हुकूमनाम्याच्या तारखेस गोवा परका होता. बजावणीच्या वेळी तेथे कोणता कायदा चालत होता, याला महत्त्व मिळाले.

उलट दिशेचा प्रश्न २०१९ मध्ये निकाली निघाला. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १९६२ च्या प्रशासन कायद्याने गोव्यात चालू राहिली होती. गोवेकराच्या गोव्याबाहेरील, मुंबईतील मिळकतीचा वारसा तिच्यानुसार ठरेल काय? सर्वोच्च न्यायालयाने तसे ठरेल असे सांगितले. भारतीय संसदेने चालू ठेवलेला कायदा भारतीयच होय, ही त्यामागील भूमिका होती.

या तिन्ही प्रकरणांत मूळ लेखाचा एकही शब्द बदललेला नाही. बदलला तो त्याला मानणारा समाज आणि त्या मान्यतेचा आधार. भाषांतरित वा स्थलांतरित कृतीला ‘आपली’ किंवा ‘परकी’ ठरविणाऱ्या तौलनिक अभ्यासकाने हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. परकेपणा लेखाच्या भाषेवरून किंवा उगमावरून एकदाच निश्चित होत नाही. न्यायालयात त्या निश्चितीवर कोणाचे तरी येणे, कोणाचे तरी घर अवलंबून असते, म्हणून तेथे ती कारणांसह लिहून द्यावी लागते. साहित्यविचारात ती पुष्कळदा गृहीत धरली जाते.