सव्वा रुपया रोज

गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. ग्रामसभेत आपण पाच-सात बाया हात वर करतो, समोर पन्नास माणसं बसलेली असतात, ठराव त्यांच्या मनासारखा होतो. मग आपण जायचं तरी कशाला? म्हणून आज एका आमदाराबद्दल बोलू. सभागृहात त्यांची बाजू कायम कमी मतांची होती. तरीही जंगलात लाकूड तोडणाऱ्या मजुराला ठरलेला रोज मिळावा, ही गोष्ट त्यांनी आणि त्यांच्या बायकोने लावून धरली. त्यांचं नाव शामराव परुळेकर. बायकोचं नाव गोदावरी, आणि खरं सांगायचं तर या गोष्टीत तिचाच वाटा मोठा आहे.

ही गोष्ट ठाणे जिल्ह्यातली, पण तिचं एक टोक आपल्या धुळ्यात आहे. धुळ्याहून मालेगावकडे निघालं की लळिंगचा किल्ला लागतो. तिथल्या जंगलात लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा, ३१ जुलै १९३७ रोजी, या बंगल्यात उतरले होते. दरवर्षी त्या तारखेला तिथे लोकांची रीघ लागते, तुमच्यापैकी पुष्कळजणी जाऊनही आल्या असतील. पण त्या दिवशी बाबासाहेब नुकतेच निवडून आलेले विरोधी पक्षाचे आमदार होते, हे फारसं कोणी सांगत नाही. मुंबई इलाख्यात त्याच महिन्यात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार बसलं होतं. बाबासाहेबांचा पक्ष होता स्वतंत्र मजूर पक्ष, वर्षभरापूर्वी काढलेला. शामराव परुळेकर त्याच पक्षाचे आमदार.

या थोड्या आमदारांनी काय केलं? सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी कोकणातली खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. ते पास झालं नाही. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले, त्या मोर्चात शामराव होते. त्याच वर्षी सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं. त्यात काही संप बेकायदा ठरवून मजुराला तुरुंगात धाडायची सोय होती. बाबासाहेबांचं म्हणणं असं, की काम नाकारल्याबद्दल शिक्षा म्हणजे माणसाला गुलाम करणं. विधेयक तरीही पास झालं. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या कामगारांनी त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला आणि त्यात शामराव पुढाऱ्यांमध्ये होते. हिशेब मांडला तर सभागृहात हारच हार. खोती मात्र पुढे दहा-बारा वर्षांनी कायद्यानेच गेली.

गिरणी कामगाराला निदान संघटना होती. जंगलातल्या मजुराला कोण होतं? याच काळात सरकारने सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याला आदिवासी भागाची पाहणी करायला नेमलं. त्याच्या यादीत ठाण्याबरोबर आपलं खानदेशही होतं: नवापूर पेटा, तळोदा तालुका, अक्राणी महाल, मेवासी गावं आणि पूर्व खानदेशातलं सातपुड्याचं राखीव जंगल. जंगलाचा धंदा सगळीकडे एकाच पद्धतीचा. सरकार कुपाचा लिलाव करायचं. ठेकेदार तो घ्यायचा, आगाऊ पैसे देऊन मजूर बांधून आणायचा, आणि माप त्याचं, वही त्याची, हिशेबही त्याचाच. किती झाडं तोडली हे मजुराला बोटावर मोजता यायचं, पण वहीत काय लिहिलं ते वाचता यायचं नाही. बचत गटाचं रजिस्टर आपण स्वतः का लिहितो, ते इथे कळतं.

ठाण्यात वेठबिगार होती, आणि त्याहून वाईट असे लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढलं की नवरा त्याचा गडी व्हायचा. कर्ज नवऱ्याने काढलेलं असलं तरी नवी नवरीही त्याच घरी राबायची. तिला रोज नाही, आणि तिच्या अब्रूला कोणी वाली नाही. कर्ज फिटायचं नाहीच.

शामराव आणि गोदावरी यांचं लग्न १९३९ चं. दोघंही भारत सेवक समाजातून बाहेर पडलेले. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि युद्धविरोधी चळवळीत तुरुंगातही गेले. त्यांचा सगळा राजकीय विचार प्रत्येकीला पटेल असं नाही, पटलाच पाहिजे असंही नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे थोडे वारलीही आले होते. त्यानंतर गोदावरीबाई डोंगरात पायी फिरू लागल्या. २३ मे १९४५ ला झरी गावी हजारो आदिवासी जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं ठरलं. शिकलेली, वकिलीची परीक्षा दिलेली पुण्याची बाई वारल्यांच्या झोपडीत राहते, त्यांच्या घरचं खाते, याचं लोकांना अप्रूप होतं. ते तिला गोदाराणी म्हणू लागले.

मग मजुरीचा प्रश्न आला. आधी गवताचा. मागणी होती ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. ज्या बायांनी रानात गवत कापलंय त्यांना हा आकडा समजावून सांगायची गरज नाही. संप झाला. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी खोटी आवई उठवली गेली, लोक तलवाड्याला जमले आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला. पाच माणसं गेली. त्यात जेठ्या गांगड होता.

पुढच्या वर्षी जंगलकामाचा संप झाला. मागणी एकच, आणि कोणालाही पाठ होईल अशी: सव्वा रुपया रोज. तोड असो की वाहतूक, दिवसाला त्याखाली नाही. कुऱ्हाडी महिनाभर थांबल्या. लाकूड निघालं नाही तर ठेकेदाराचे कुपात घातलेले पैसे अडकतात, हे मजुरांनी बरोबर ओळखलं होतं. नोव्हेंबर १९४६ मध्ये ठेकेदारांनी मागणी मान्य केली. पण त्याच सुमारास सरकारने शामराव आणि गोदावरी दोघांनाही जिल्ह्याबाहेर काढलं. ७ जानेवारी १९४७ ला नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला आणि पुन्हा माणसं मेली. सरकार खेरांचंच होतं.

खेरांना मात्र नुसता दोष देऊन चालणार नाही. आदिवासींबद्दल त्यांना खरी कळकळ होती. १९४७ पासून त्यांच्याच सरकारने जंगल कामगार सहकारी संस्था काढायला सुरुवात केली. ठेकेदार मधून काढायचा, कूप मजुरांच्या संस्थेला द्यायचा आणि नफा सभासदांत वाटायचा. सायमिंग्टननेही असंच काही सुचवलं होतं. पण त्याचा अहवाल पडून होता, आणि संपानंतर वर्षभरात संस्था सुरू झाल्या. हा निव्वळ योगायोग आहे, असं आम्हाला वाटत नाही. आपल्या धुळे जिल्ह्यातही अशा संस्था निघाल्या. कित्येक ठिकाणी पुढे कारभार शिकलेल्या मंडळींच्या हातात गेला आणि सभासद नावापुरता राहिला. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बाया सांगतात, की सभासद म्हणून नाव नवऱ्याचं आणि मोळी आमच्या डोक्यावर. पुढे १९७४ मध्ये राज्याचं वन विकास महामंडळ आलं, १९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला, तोड कमी झाली आणि या संस्थांचं कामही आटलं. जंगल वाचायला पाहिजे, यात वाद नाही. पण जंगल राखायचं ठरतं तेव्हा मजुराच्या रोजाचं काय, हा प्रश्न विचारणारं माणूस सभागृहात लागतं, आणि ते बहुधा विरोधी बाकावरच सापडतं.

शामराव १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. तिथेही विरोधातच. १९६५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात, स्थानबद्ध असताना, त्यांचा मृत्यू झाला. गोदावरीबाईंनी काम सोडलं नाही. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक १९७० मध्ये आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तालुक्याच्या वाचनालयात मागून बघा. पुढे त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षही झाल्या. १९९६ मध्ये गेल्या.

आपल्याकडे १९७२ मध्ये शहाद्याला, तेव्हा तो धुळे जिल्हाच होता, श्रमिक संघटना उभी राहिली. तिथल्या भिल्ल बायांनी मजुरीसाठी भांडता भांडता दारूचे गुत्तेही फोडले. त्याच्यावर एक वेगळा भाग करावा लागेल.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेला लाँग मार्च तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. त्यात सुरगाण्याचे जिवा पांडू गावित होते, तेव्हा विधानसभेत आपल्या पक्षाचे एकटे आमदार. दहावीची परीक्षा होती म्हणून हजारो लोक मुंबईत रात्रीतून चालले. त्यांची मोठी मागणी वनहक्काची होती.

आता तेवढंच बोलून थांबतो. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या आदिवासींच्या वनजमिनीचा हक्क त्यात आहे, आणि तेंदूपत्ता, मोह, डिंक, चारोळी गोळा करायचा आणि विकायचा हक्कही आहे. नवरा-बायको असतील तर पट्टा दोघांच्या नावावर नोंदवायचा, असं कायद्यातच लिहिलंय. वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बाया लागतात. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री इथल्या गटांनी हे दोन्ही तपासावं. पट्टा मिळाला असेल तर त्यावर तुमचं नाव आहे का ते बघा. दावा पडून असेल तर पोचपावती शोधून ठेवा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला हे कागद घेऊन या, गटाच्या रजिस्टरमध्ये एकेकीच्या नावापुढे तारीख आणि दाव्याचा नंबर लिहून घेऊ.