पाण्यातील दोन बंध : देवबागच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

मालवण तालुक्यातील देवबाग ही कर्ली नदी व अरबी समुद्र यांच्यामधील वाळूची चिंचोळी पट्टी होय. पावसाळ्यात कर्लीचे गोडे पाणी तिच्या टोकाशी समुद्रास मिळते. हे पाणी मुळात समुद्राचेच. वाफ होऊन, मीठ मागे ठेवून, सह्याद्रीवर बरसलेले. या प्रवासात पाण्याचा रेणू फुटत नाही. तुटतात ते रेणू-रेणूंमधील बंध. हा भेद रसायनशास्त्राला फार उशिरा उमगला.

पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे, असे लव्हाझिए यांनी १७८३ मध्ये मांडले. अणूंमधील बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोडीची भागीदारी, हा विचार लुईस यांनी १९१६ मध्ये दिला. तरीही हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंश सेल्सिअसला उकळत असता, त्याहून हलक्या रेणूचे पाणी १०० अंशांपर्यंत द्रवरूप का राहते, हे कोडे उरलेच. बर्कली येथील लॅटिमर व रोडबुश यांनी १९२० मध्ये त्याची दिशा दाखविली : एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनशीही जोडला जातो. सहकारी हगिन्स यांच्या अप्रकाशित कामाचा त्यांनी केलेला उल्लेख मात्र पुढे बहुधा विस्मरणात गेला. हा हायड्रोजन बंध रेणूतील सहसंयुज बंधाच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकाच बळकट असतो. उन्हाने समुद्राची वाफ होताना तुटतो तो हाच. सहसंयुज बंध तुटण्याइतकी ऊर्जा त्या उष्णतेत नसते.