तीस यार्ड

शनिवार, 11 फेब्रुवारी 2006. दक्षिण टेक्सासातल्या केनेडी काउंटीमधलं सुमारे 50,000 एकरांचं आर्मस्ट्राँग रँच.

दुपार
जुन्या ओक वृक्षाखाली बार्बेक्यूचं जेवण होतं. अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी जेवताना एक बिअर घेतात. पुढे त्यांनीच ते सांगितलं. पाहुण्यांत ऑस्टिनचे वकील हॅरी व्हिटिंग्टन आहेत, वय 78. टेक्सासात शिकाऱ्यांना सुरक्षेचं शिक्षण सक्तीचं आहे, पण 2 सप्टेंबर 1971च्या आधी जन्मलेल्यांना ते माफ. जन्मभर बंदूक हाताळलेल्या माणसाला आणखी काय शिकवायचं, असं जणू कायद्यानंच धरून चाललेलं.

तीन वाजून गेल्यावर
गाड्या पुन्हा रानात निघतात. लावरीच्या शिकारीत कुत्री थवा हेरून जागीच थबकतात, शिकारी एका ओळीत पुढे सरकतात, थवा भुर्रकन उठतो आणि विचार करायला दोन-तीन सेकंदही मिळत नाहीत. म्हणून विचार आधीच करून ठेवायचा असतो: ओळ मोडायची नाही, आपल्या पट्ट्याबाहेर नळी फिरवायची नाही, पाखरामागे काय आहे ते दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही.

साडेपाचच्या सुमारास
चेनी, व्हिटिंग्टन आणि स्वित्झर्लंडमधल्या अमेरिकी राजदूत पामेला विलफर्ड गाडीतून उतरतात. तिघांनाही एकेक पाखरू मिळतं. व्हिटिंग्टन यांचं दाट झाडोऱ्यात पडतं आणि ते शोधायला जातात. तेवढ्यात शंभरेक यार्डांवर दुसरा थवा दिसल्याची खबर येते. उरलेले दोघे तिकडे वळतात. दोघांच्या मधे वाटाड्या, मागे गाड्या आणि उपाध्यक्षांचा लवाजमा.

घात इथेच झाला, असं मला वाटतं. ‘हॅरी परत येईपर्यंत थांबू या’ एवढं कुणीही म्हणायला हवं होतं. देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला टोकणं जड जातं, हे मान्य. पण हाती भरलेली बंदूक असली की पद विसरायचं असतं, आणि ज्याच्या हाती ती आहे त्यानंच आधी सांगून ठेवायचं असतं: मला टोका.

त्यानंतर काही क्षण
एकच लावरी उठते आणि उजवीकडून मागे जाते. चेनी नळी तिच्याबरोबर फिरवत नेतात. समोर मावळतीचा सूर्य. व्हिटिंग्टन यांच्या अंगात नारिंगी कपडे आहेत, पण ते किंचित खोलगट जागेत उभे. 28 बोअरच्या शॉटगनमधून साडेसात नंबरचे छर्रे सुटतात. अंतर सुमारे 30 यार्ड. चेहरा, मान, छाती.

संध्याकाळ
उपाध्यक्षांसोबत असणारं वैद्यकीय पथक धावतं. आधी किंग्जव्हिल, तिथून हेलिकॉप्टरनं कॉर्पस क्रिस्टी.

रविवार, सकाळी आठ
शेरीफचा माणूस चेनींचा जबाब घेतो. स्थानिक वृत्तपत्राला ही बातमी रँचच्या कॅथरिन आर्मस्ट्राँग देतात. व्हिटिंग्टन मागून आले आणि त्यांनी आवाज दिला नाही, असं त्यांचं म्हणणं.

सोमवार
व्हाइट हाउसचा प्रवक्ताही तेच म्हणतो. परतणाऱ्यानं आवाज द्यावा हा नियम खराच, आणि तो व्हिटिंग्टन यांना ऐकवायलाही हरकत नाही. पण रुग्णालयात पडलेल्या माणसाला तो एकटाच ऐकवायचा आणि चाप ओढणाऱ्याला काहीच बोलायचं नाही, याला टीका म्हणत नाहीत. अशानं पुढच्या खेपेला कुणाचाही जीव वाचत नाही. सरकारी कारवाई म्हणाल, तर शिकार-परवान्यावर सात डॉलरचं तिकीट नव्हतं म्हणून दोघांनाही लेखी ताकीद.

मंगळवार
एक छर्रा हृदयापाशी पोहोचलेला. ठोके बिघडतात, हृदयविकाराचा सौम्य झटका येतो.

बुधवार
चेनी दूरचित्रवाणीवर येतात. चाप मी ओढला, हॅरीला दोष देता येणार नाही, अशी कबुली देतात. ती स्वच्छ होती. पण तोवर चार दिवस उलटले होते, आणि त्या दिवसांत पाहुण्याकडे बोट दाखवलं जात असताना ते गप्प होते.

शुक्रवार
व्हिटिंग्टन रुग्णालयाबाहेर येतात. चेहऱ्यावर जखमांचे डाग आहेत. चेनी आणि त्यांच्या कुटुंबाला आठवडाभर जे सोसावं लागलं त्याबद्दल आपल्याला फार वाईट वाटतं, असं ते सांगतात.