बिल्ला आणि दाखला

बँकेत चेक देऊन पैसे काढायला गेलं, की पूर्वी खिडकीतून पितळेचं गोल टोकन हातात पडायचं. त्यावर फक्त एक आकडा कोरलेला. नाव नाही, रक्कम नाही, तारीख नाही. कोणाला किती द्यायचे ते सगळं आतल्या वहीत. आकडा पुकारला की उठायचं, टोकन परत द्यायचं, नोटा मोजून घ्यायच्या. भंडारा हे पितळेचं गाव. इथल्या कासारांच्या भांड्यांमुळे त्याला पितळी नगरी म्हणतात, आणि 'भाणं' म्हणजे ताट, त्यावरूनच गावाचं नाव पडलं असंही जुनी माणसं सांगतात. त्यामुळे ते टोकन मला लहानपणी आपल्याच गावात घडलेलं वाटायचं.

पुढे सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम लिहिणं हाच माझा धंदा झाला आणि 'टोकन' हा शब्द रोज तोंडी बसला. तेव्हा हळूहळू ध्यानात आलं, की संगणकवाले ज्याला टोकन म्हणतात ते बँकेच्या टोकनासारखं वागतच नाही. तसं वागते ती कुकी. एकाच सर्व्हरवर ही दोन्ही नांदवायची वेळ आली, तेव्हा त्यांची मुळं शोधल्याशिवाय माझं काम पुढे सरकेना.

मूळ आहे सर्व्हरच्या विसराळूपणात. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या प्रयोगशाळेत वेब उभारलं ते कागदपत्रं एकमेकांना दाखवण्यासाठी. एक पान मागितलं, एक पान मिळालं, व्यवहार संपला. पुढच्या क्षणी तोच माणूस पुन्हा दारात आला तरी सर्व्हरला तो अनोळखीच. नुसतं वाचायचं तोवर यात काही बिघडत नव्हतं. प्रवेश मोजक्या लोकांना द्यायचा असेल, तर ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत नाव आणि पासवर्ड 'ऑथरायझेशन' नावाच्या एका ओळीत पाठवत असे. 1996 साली एचटीटीपीची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांची, 1.0 आवृत्ती कागदावर नोंदली गेली त्यात ही ओळ आहे. ती ध्यानात ठेवा, पुढे तीच परत येते.

पण वेबवर दुकानं लागायला लागली आणि विसराळू दुकानदार चालेना. 1994 साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू मॉन्टुली यांच्यापुढे हा प्रश्न आला. एमसीआय या दूरसंचार कंपनीला वेबवर विक्री करायची होती, मात्र गिऱ्हाइकाची अर्धवट खरेदी स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायची नव्हती. मॉन्टुलींनी तोड काढली: सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती जपायची आणि त्याच सर्व्हरकडे जाताना दर वेळी आपणहून पुढे करायची. युनिक्सच्या जगात अशा चिठ्ठीला 'मॅजिक कुकी' म्हणत. त्यातली जादू गळली आणि कुकी उरली. हॅकर मंडळींच्या जुन्या शब्दकोशात अशा कुकीचं उदाहरण म्हणून लॉन्ड्रीची पावती दिली आहे. पावतीवर काय लिहिलंय याच्याशी आपल्याला कर्तव्य नसतं. ती दाखवली की आपलेच कपडे परत मिळतात. आपल्याकडे याहून चांगलं उदाहरण सायकल स्टँडचं आहे. एक बिल्ला सायकलीला, तसाच दुसरा आपल्या हातात.

कुकी अशी बिल्ला झाली. खरं तर एमसीआयची मागणी उलट होती, माहिती गिऱ्हाइकाच्याच मशीनवर ठेवायची. पण गिऱ्हाइकाकडची चिठ्ठी कोणीही खोडून बदलू शकतं, शिवाय ती लहान. म्हणून लॉगिनच्या कामात कुकीत नुसता एक लांबलचक आकडा ठेवायचा आणि हिशेब सर्व्हरच्या वहीत, ही रीत रूढ झाली. त्या वहीला सेशन म्हणतात. कुकीचे नियम 1997 मध्ये पहिल्यांदा लिहिले गेले, 2000 मध्ये बदलले, आणि प्रत्यक्षात ब्राउझर जसे वागत होते तसे ते उतरले 2011 च्या आरएफसी 6265 या नियमपत्रात. चलन आधी, कायदा मागून.

टोकनाचं कूळ वेगळं. इंग्रजीतला हा शब्द जुन्या जर्मानिक 'खूण'वाचक शब्दातून येतो आणि भाषेचे अभ्यासक तो 'दाखवणे' अशा अर्थाच्या धातूपर्यंत नेतात. संस्कृतातली 'दिश्', म्हणजे आपली दिशा आणि आपला आदेश, त्याच मुळाची मानली जाते. टोकन म्हणजे जे दाखवायचं ते. कुकी आपोआप दाखवली जाते. टोकन कोणीतरी मुद्दाम हात पुढे करून दाखवतं. या एका फरकावर पुढचं सगळं उभं आहे.

2006-07 च्या सुमारास वेबवर एक वाईट सवय पसरली होती. एखादी नवी साइट म्हणायची, तुमच्या मित्रांची यादी आणून देतो, तुमच्या मेलचा पासवर्ड सांगा. लोक सांगायचे. घराची किल्ली निरोप्याच्या हाती देण्यासारखंच ते. ट्विटरमध्ये काम करणारे ब्लेन कुक आणि आणखी काही जण यावर तोडगा शोधू लागले, त्यातून डिसेंबर 2007 मध्ये ओऑथ 1.0 आलं. पासवर्ड घरातच राहणार. निरोप्याला मिळणार ठरावीक कामापुरता परवाना. 2008 मध्ये आयफोनचं ॲप स्टोअर आणि अँड्रॉइडचा बाजार उघडला आणि ब्राउझर नसलेले लाखो निरोपे सर्व्हरच्या दारात उभे राहिले. ऑक्टोबर 2012 मध्ये ओऑथ 2.0 आणि त्यासोबत 'बेअरर' टोकनचा नियम पक्का झाला. बेअरर हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बेअरर चेक ज्याच्या हातात, पैसे त्याचे. आणि हे टोकन पाठवायचं कुठे? त्याच जुन्या 'ऑथरायझेशन' ओळीत. त्याआधी जुलै 2012 मध्ये या नियमाचे प्रमुख संपादक एरन हॅमर नाव मागे घेऊन बाहेर पडले. आधीच्या आवृत्तीतली सहीची सक्ती काढून नुसत्या बेअररवर भिस्त ठेवणं हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक होता, आणि मला तो आजही हलका वाटत नाही.

मे 2015 मध्ये जेसन वेब टोकन आलं. इथे टोकनाने बिल्ल्याचं रूप पुरतं टाकलं. त्याच्या पोटात मजकूरच असतो: हा कोण, कोणी दिलं, कधीपर्यंत चालेल, आणि खाली सर्व्हरची सही. वही उघडायची गरज नाही, सही तपासली की झालं. हा बिल्ला नव्हे, हा दाखला. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यासारखा. 2018 पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. त्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही, कारण सही कागदातच आहे. आमच्याकडचा शेतकरी तो सातबारा ब्राउझरमधून काढतो, आणि बांधीवर उभं राहून ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये धानाची नोंद करतो. ते ॲप राज्यभर 15 ऑगस्ट 2021 रोजी आलं. एकाच माणसाची ही दोन दारं आता सगळ्यांच्या सवयीची झाली आहेत.

माझ्यापुढे ती दोन दारं आली एका राइस मिलच्या कामात. ऑफिसात मुनीमजी ब्राउझरवर हिशेब बघायचे, त्यांच्यासाठी कुकी. बाहेर काट्यावरचा मुलगा मोबाइलवर गाडीचा नंबर, कट्टे आणि वजन टाकायचा, त्याच्यासाठी टोकन. सर्व्हर एक. हंगामाच्या ऐन गर्दीत सकाळी काट्यावरच्या मुलाचा फोन आला.

"भाऊ, मोबाइलवर काहीच दिसून नाही राहिलं जी."

फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर लागलेले. सर्व्हरची नोंद उघडून पाहिली तर एका ओळीत 302, म्हणजे 'दुसऱ्या पानाकडे जा', आणि खालच्या ओळीत 200, म्हणजे 'सगळं ठीक'. टोकनाची मुदत रात्री संपली होती. सर्व्हरची मूळ सवय कुकीची. ओळख पटली नाही की तो पाहुण्याला अदबीने लॉगिनच्या पानाकडे वळवायचा. ब्राउझरसमोर माणूस असतो, तो पान बघून पासवर्ड टाकतो. ॲपला ते पान म्हणजे वजनाच्या पावतीच्या जागी आलेला कोरा कागद. त्याला हवं होतं स्पष्ट 401, म्हणजे 'तुझी ओळख पटली नाही'. मग ते स्वतःच नवं टोकन मागायला गेलं असतं. दुरुस्ती चार ओळींची होती. तोवर काट्यावर वही-पेन निघालं होतं.

त्या निमित्ताने सगळा कोड पुन्हा वाचला आणि त्यात याहून गंभीर चूक सापडली. ब्राउझर कुकी न विचारता पुढे करतो, म्हणून मुनीमजींचं लॉगिन चालू असताना दुसऱ्या एखाद्या लबाड पानावरचा दडलेला फॉर्म आपल्या सर्व्हरकडे मागणी पाठवू शकतो, आणि कुकी आपसूक सोबत जाते. हे रोखायला प्रत्येक फॉर्ममध्ये एक गुप्त खूण घालून ती तपासायची असते. ॲपच्या वाटेवर मी ही तपासणी काढून टाकली होती, आणि ते बरोबरच होतं: टोकन कोणी परस्पर पाठवू शकत नाही. पण त्याच वाटेवर कुकीही चालत होती! मुनीमजींना एक तक्ता तिथून लागतो म्हणून मीच ती चालू ठेवली होती. टोकनाला मिळालेली सूट कुकीने घेतली. 2020 पासून क्रोम ब्राउझर परक्या पानावरून निघालेल्या अशा मागण्यांत कुकी सहसा जोडत नाही, त्याने धोका घटला. पण आपल्या दाराची कडी शेजाऱ्याच्या भरवशावर सोडायची नसते.

नियम मग असा बसवला. 'ऑथरायझेशन' ओळ आली असेल तर निवाडा फक्त टोकनावर. टोकन खोटं किंवा शिळं निघालं तर तिथेच 401, कुकीकडे वळून बघायचंही नाही. ओळ नसेल तर कुकी, आणि कुकी असेल तर गुप्त खूण तपासलीच पाहिजे. हे शहाणपण नवं नाही. जँगो या वेबसाइट घडवण्याच्या साधनसंचाच्या रेस्ट फ्रेमवर्कमध्ये ओळख पटवण्याच्या रीती क्रमाने लावता येतात, आणि त्यातली सेशनची रीत ही तपासणी स्वतःबरोबरच घेऊन येते. एएसपी डॉट नेट कोअर या तशाच साधनसंचात आलेली मागणी बघून कोणत्या रीतीकडे पाठवायची हे ठरवणारा निवडक ठेवता येतो. मॉन्टुली कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या विद्यापीठात शिकले, आणि पुढे जँगोही त्याच गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मला, 2005 साली लोकांसमोर आला. ते गव्हाच्या मुलुखातलं गाव, हे धानाच्या. भंडाऱ्यात बसून हे काम करताना मला त्याचा आधार वाटतो.

एक गाठ उरली होती. बिल्ला रद्द करायचा तर वहीतला आकडा खोडला की झालं. दाखला एकदा हातातून गेला की मुदत संपेपर्यंत खराच. म्हणून ॲपला आता दोन गोष्टी मिळतात: दहा मिनिटांचा सही केलेला दाखला, आणि तो संपला की नवा मागण्यासाठी एक आकडा, जो वहीत नोंदलेला असतो. हा आकडा म्हणजे पुन्हा बँकेचं पितळी टोकनच.

हंगाम संपला तसा काट्यावरचा मुलगा काम सोडून नागपूरला गेला. मुनीमजींनी त्याचं नाव यादीतून काढलं, वहीतला त्याचा आकडा खोडला गेला. त्याच्या मोबाइलमधला दाखला त्यानंतर सात मिनिटं चालू होता.