समुद्रावरचे वादळ वऱ्हाडात पोहोचते तेव्हा: घर, आठवण आणि ३ जून २०२०

१/
परतवाड्यापासून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, त्यापलीकडे मेळघाट आणि गावाजवळून वाहणारी सापन नदी. या भूगोलात चक्रीवादळाला जागा नाही, असे कोणालाही वाटेल. तरीही ४ जून २०२० रोजी हवामान विभागाच्या पत्रकांत एका चक्रीवादळाच्या संदर्भात पश्चिम विदर्भाचे नाव आले. ते वादळ होते ‘निसर्ग’. आदल्या दुपारी ते कोकण किनाऱ्यावर आदळले होते. अकोल्याच्या पश्चिमेस पोहोचेपर्यंत त्याचा जोर ओसरून केवळ अवदाब उरला होता.

२/
वादळांचा इतिहास बहुधा वाऱ्याचा वेग, मृतांची संख्या आणि नुकसानीचा आकडा यांत सांगितला जातो. या धाग्यात तो घराच्या आतून पाहायचा आहे. कुटुंब वादळाची तयारी कशाच्या आधारे करते? आणि तो आधारच नसला तर काय होते?

३/
वऱ्हाडाला वादळ नवे नाही. वैशाख-ज्येष्ठात जमीन तापते, हवा वेगाने वर चढते, दुपार कलताना आभाळ काळवंडते. मग धुळीचा लोट, विजा, कधी गारा. वऱ्हाडी बोलीत याला ‘वावधन’ म्हणतात. त्याचा पसारा काही गावांपुरता आणि आयुष्य तास-दोन तासांचे. चक्रीवादळाची जात वेगळी. उबदार समुद्राच्या बाष्पावर ते दिवसेंदिवस पोसले जाते, शेकडो किलोमीटर पसरते आणि जमिनीवर आल्यावर बाष्पाचा पुरवठा तुटून क्षीण होते. ‘सायक्लोन’ हा शब्दही भारतातच घडला: कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये तो वापरात आणला.

४/
वावधन दरवर्षी येते, म्हणून वऱ्हाडातल्या घराला त्याची सवय आहे. रोहिणी नक्षत्र लागल्यापासून मृग निघेपर्यंतचे दिवस घराच्या डागडुजीचे. धाब्याच्या घरावर पांढरी माती नव्याने पसरून चोपायची, कवेलूंचे घर असेल तर कवेलू फेरायचे, टिनाच्या छपरावर वजनाला गोटे ठेवायचे. पऱ्हाट्या, गोवऱ्या आणि कुटार कोरड्या जागी हलवायचे. उन्हाळ्यात केलेल्या कुरड्या-पापडांचे डबे वरच्या फळीवर जायचे. यातली निम्म्याहून अधिक कामे घरातल्या स्त्रियांच्या हातची आणि क्रम ठरलेला. तो कोणी लिहून ठेवलेला नाही. सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे तो पाहून पाहून आला.

५/
कोकणात याच काळातील बेगमीला ‘आगोट’ म्हणतात. सुकी मासळी, मीठ, मसाला, लाकूडफाटा, कडधान्ये भरून ठेवायची. कौले शाकारायची, पडवीला झापांचा आडोसा करायचा. वऱ्हाड आणि कोकण यांच्या हवामानात मोठे अंतर असले तरी दोन्हीकडच्या घरांचे पंचांग एकच, मृगाच्या आधीचे. मात्र कोकणातील घराची सगळी सिद्धता मुसळधार पावसासाठी होती. उतरते छप्पर पाणी झटकन वाहून जावे म्हणून बांधलेले होते; चक्रीवादळाचा वारा त्या हिशेबात नव्हता.

६/
२०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीमुळे मुंबईतील असंख्य चाकरमानी कुटुंबे गावी परतली होती. घरे भरलेली, बाजार अर्धे बंद. जूनच्या पहिल्या दोन दिवसांत अरबी समुद्रातील अवदाब चक्रीवादळात बदलला आणि त्याला ‘निसर्ग’ हे बांगलादेशाने सुचवलेले नाव मिळाले. किनाऱ्यावरील हजारो लोकांना शाळा-समाजमंदिरांत हलवण्यात आले. पण एकमेकांपासून अंतर राखायचे आणि एकाच खोलीत आसराही घ्यायचा, ही दोन्ही कामे एका वेळी कशी करायची? तो पेच त्या वर्षाचाच होता.

७/
३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात वादळ जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. अशा वेळी घरात करण्यासारखे थोडेच असते. भांडी-कळशांत पाणी भरून ठेवणे, कंदील आणि काडेपेटी हाताशी घेणे, गुरांची दावी सोडणे, दारांना आतून अडसर लावणे आणि लेकरा-म्हाताऱ्यांना घेऊन माजघरात बसणे. माजघर घराच्या मधोमध असते, त्याला बाहेरचा वारा थेट लागत नाही. अंधार म्हणून नव्या पिढीला नकोशी वाटणारी ही खोलीच घरातला सर्वांत सुरक्षित आसरा ठरते.

८/
छपराचे काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. वेगवान वारा छपरावरून जाताना वरचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढले जाते. वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा खिडकी फुटली की आत शिरलेली हवा खालूनही ढकलते. कौले केवळ स्वतःच्या वजनावर टिकलेली असतात. ती पत्त्यांसारखी उडतात. पत्रे खिळ्यांनिशी उखडतात. वादळाचा मध्यभाग डोक्यावरून गेला तर वारा दिशा बदलतो आणि आतापर्यंत आडोशाला असलेली भिंत समोर येते. थोड्या शांततेनंतर बाहेर डोकावणे म्हणूनच घातक असते.

९/
वादळ काही तासांत पुढे गेले, घरातली आपत्ती आठवडे टिकली. विजेचे खांब आडवे झाल्याने अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. विहिरींवर पुन्हा दोर-बादली आली. मोबाइलची यंत्रणा कोलमडल्याने मुंबई-पुण्यातील नातेवाइकांना घरची खबर मिळेना. माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे झाड लावल्यापासून उत्पन्न द्यायला पाच ते आठ वर्षे घेते. म्हणजे एका दुपारी कुटुंबाची पुढील अनेक वर्षांची मिळकत गेली. छप्पर उघडे पडले, त्यानंतर मोजक्याच दिवसांत मृगाचा पाऊस दारात होता.

१०/
इशारा दोन दिवस आधी मिळाला होता, मग घरे इतकी अनभिज्ञ का राहिली? उत्तर स्मृतीत आहे. १८९१ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतके तीव्र चक्रीवादळ येणे हेच अपूर्व होते. नोव्हेंबर १९४८ च्या चक्रीवादळाने मुंबईचे जनजीवन ठप्प केले होते. पण २०२० मध्ये ते सांगू शकणारी माणसे ऐंशीच्या घरात होती. नोव्हेंबर २००९ चे ‘फयान’ समुद्रावर गेलेल्या मच्छीमार कुटुंबांच्या आठवणीत राहिले, बागायतदारांच्या फारसे नाही. घराने जे पाहिलेले नसते, त्याची तयारी घराच्या पंचांगात शिरत नाही.

११/
याची दुसरी बाजू अधिक विलक्षण आहे. १८८२ च्या जूनमध्ये चक्रीवादळाने मुंबईत एक लाख माणसे मेली, असे अनेक याद्यांत आणि लेखांत छापून येत असे. ॲडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या चक्रीवादळांचा धोका तपासताना या घटनेचा शोध घेतला, तेव्हा तिला समकालीन आधार मिळाला नाही. ती घटना घडलेलीच नव्हती. उलट नोव्हेंबर १८५४ मध्ये मुंबईला झोडपणाऱ्या वादळाच्या नोंदी आहेत, पण ते आज कोणाच्या बोलण्यात नाही. न घडलेले वादळ लक्षात राहिले, घडलेले विसरले गेले.

१२/
विसरण्याचे एक कारण नोंदींच्या स्वरूपात आहे. आपत्तीनंतर पंचनामा होतो. त्यात पडलेली भिंत येते, उडालेले पत्रे येतात, झाडांची संख्या येते. कोणत्या खोलीत बसलो म्हणून वाचलो, कोणते दार आधी निखळले, पिण्याचे पाणी किती दिवस पुरले, म्हातारीचे औषध कुठून आणले, याला पंचनाम्यात रकाना नाही. पुढच्या पिढीला उपयोगी पडणारे ज्ञान नेमके हेच आहे आणि त्याचा मोठा भाग स्त्रियांकडे आहे.

१३/
निसर्गनंतर वर्षही उलटले नव्हते तोच मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ याच किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेले. अरबी समुद्राचे पाणी तापत आहे आणि तिथली चक्रीवादळे वाढत आहेत, असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात. अशी वादळे क्षीण होऊन का होईना, वऱ्हाडाच्या आभाळातही येतील. रोहिणीत धाबे चोपणाऱ्या, कवेलू फेरणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यायला हवे.

१४/
जुन्या घरांत खुंटीला टांगलेला काचेचा कंदील आठवून पाहावा. त्याला ‘हरिकेन कंदील’ म्हणत, कारण वाऱ्यातही त्याची ज्योत विझत नसे. ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता, त्यांच्याही घरात महासागरी वादळाचे नाव असे रोज संध्याकाळी पेटत होते. परतवाड्यातील असो वा श्रीवर्धनातील, घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे: तुम्ही पाहिलेले सर्वांत मोठे वादळ कोणते, आणि तेव्हा घरात कोण कुठे बसले होते? उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पंचनाम्यात नसलेला रकाना तिथे भरला जाईल.